दात ह्यांचे, रक्त माझं

न्हाय हो बाळाबाई, नवऱ्यानं मारलं न्हाय! म्हंजे… मारलं, पण तसं न्हाय! तुमी सगळ्याजणी माझा डोळा बघून कुजबुजताय म्हणून सांगते. चाळीस वर्षांत ह्या माणसानं बोट लावलं न्हाय मला, आन् आता पार्किन्सननं हात असा उडतोय की दात घासायला बसवलं की एक बुक्की ठरलेली! ह्यांना ब्रश धरवत न्हाय म्हणून मी घासते, तर जबडा फाटकन् मिटतो, माझं बोट आत! दात ह्यांचे, रक्त माझं!

सोडून द्या म्हणता? आन् दात गेले तर? कडक भाकरी आन् शेंगाचटणीशिवाय ज्याला जेवल्यासारखं वाटत न्हाय, त्याला काय जन्मभर पेज पाजू?

काल दाताच्या डॉक्टरणीकडं नेलं, दानेश्वरीकडं. तिनं फोनवर बजावलेलं, "नागव्वाकाकू, थरथरीची गोळी द्या आणि तासाभरानं आणा, अंग मोकळं असतं तेव्हा." पण आमचे मालक! लिंगपूजेआधी पाण्याचा थेंब घेत न्हाईत, गोळी कुटली? बरं, पूजा तरी आटपावी की! हात थरथरतोय, विभूती कपाळाला कमी, माझ्या लुगड्याला जास्त… दीड तास! गोळी घेतली कुटं? रिक्षात!

मग काय, खुर्चीत माणूस न्हाय, लाकूड बसलेलं! ती म्हणते, "काका, आ करा." मी म्हणते, "बायी तेगीरी, उघडा की तोंड!" उघडलं एकदाचं, तिनं आरसा घातला, मी गाल धरला, आन् खटकन्… आरसा तिचा, बोट माझं! ती ओढतीय, मी बोंबलतीय, ह्यांची लाथ थुंकायच्या भांड्याला, बुक्की माझ्या डोळ्याला! बाहेरचे दोन पेशंट चपला हातात घेऊन पळाले! डॉक्टरीण घाम पुसत म्हणते, "काकू, दात चांगलेच घट्ट आहेत, एकही काढायला नको. फक्त रोज घासा." घ्या! दात ह्यांचे, रक्त माझं!

परत येताना रिक्षात गोळी लागू झाली. हात शांत. माझं पट्टीचं बोट हातात घेतलं आन् हळूच म्हणाले, "लई लागलं का गं?"

मी म्हटलं, "छे, कुटं काय! नुसते दात टेकले." खरं सांगितलं असतं तर परत तोंड उघडणार होते व्हय?

"उद्यापासनं गोळी आधी," म्हणाले. आन् आज सकाळी? आंघोळ झाली की बसले पूजेला, गोळी तशीच डबीत!

हे बघा… काल त्या हाताचं, आज ह्या हाताचं बोट चावलं. असू दे. दात हायत की अजून.