बारावं बटण

हॅलो?… हं, बोल टिकली… अगं हळू, हळू. एका दमात किती सांगशील?… बटणं बोलत नाहीत?… बोलतात?… बोलतात, पण भलतंच बोलतात. बरं. म्हणजे तुझ्यावरच गेलीत. आता नीट सांग.

आत्याने फोन कान आणि खांदा यांच्यात दाबला आणि समोरचा कागद बाजूला सारला. वजनकाट्यांच्या कारखान्यात ती गेली वीस वर्षं एकच काम करत होती. काट्याला जोडलेल्या संगणकावर जी खिडकी उघडते, तिच्यातली बटणं, रकाने आणि याद्या जागच्या जागी बसवायच्या आणि बसली नाहीत की दिवसभर त्यांच्याशी भांडायचं. त्यामुळे घराण्यात कुणाचंही काही अडलं की फोन इथेच येई. टिकली ही तिच्या भावाची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. उंची दारात डोकं आपटण्याइतकी, तरी नाव टिकलीच राहिलं.

माझ्याकडे दहा मिनिटं आहेत हं. साडेचारला साहेबांना नवीन खिडकी दाखवायचीय… आजोबांची खिडकी ना? हो, वहिनी म्हणाली होती मला… हो, हो… अगं ऐक ना, मला आधी सगळं सांग, मग रड.

आजोबा म्हणजे आत्याचे बाबा. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून चाळीस वर्षं ते घोषणा करत आले. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, हे सगळ्या गावाला त्यांच्याच तोंडून कळायचं. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आजार गेला आणि जाताना आवाज घेऊन गेला. सुनेने लिहायला पाटी आणून दिली, तर त्यांनी ती पालथी घालून तिच्यावर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली. शेवटी टिकलीने लॅपटॉपवर ही खिडकी बनवायला घेतली. बटण दाबलं की यंत्र ते वाक्य मोठ्याने म्हणणार. आजोबांनी तीन बोटं दाखवली होती. तीनदा बघेन, नाहीतर ते डबडं कपाटात.

म्हणजे दोनदा झालं?… काल पहिल्यांदा. काय झालं?… उघडल्या उघडल्या सगळी वाक्यं आपोआप सुरू?… आणि नंतर बटण दाबलं की ढिम्म?… मग बाबांनी काय केलं?… चौथ्या वाक्यालाच झाकण मिटलं. हॅं हॅं हॅं… नाही गं, हसत नाहीये, खोकला आला. ब्रॅकेट लावले होतेस ना फंक्शनच्या पुढे?… अगं, बटणाला फक्त कामाचं नाव सांगायचं. पुढे ब्रॅकेट लावलेस की ते काम तिथल्या तिथे उरकून मोकळं होतं, बटणाच्या हाती काही उरत नाही… तू शोधलंस? स्वतः? लॅम्डा घालून? म्हणजे 'दाबल्यावरच कर' असं बजावून?… शाब्बास! आत्याचं रक्त कुठेतरी दिसलं म्हणायचं. उंची काही माझ्याकडून आली नाही.

बरं, दुसऱ्यांदा?… आज जेवण झाल्यावर. हं… 'पाणी द्या' दाबलं… आणि?… दुसरंच वाक्य म्हणालं. मग 'चष्मा' दाबलं… तरी तेच वाक्य? आणि 'पंखा'… तेच? सगळी बटणं एकच वाक्य?… कुठलं वाक्य?… टिकली, कुठलं वाक्य?… 'असंच एक' म्हणजे काय? यंत्राला 'असंच एक' म्हणता येत नाही.

पलीकडे टिकली घुटमळली. ही मुलगी लहानपणी साखर खाताना पकडली गेली की अशीच घुटमळायची. आत्याने भुवया चढवल्या. फोनवर त्या दिसत नाहीत हे तिच्या लक्षात राहत नसे.

बरं, नको सांगू. यादीतलं शेवटचं वाक्य आहे का ते?… बघ! मला कसं कळलं म्हणजे? बाई, वीस वर्षं काय काटे मोजले का मी? मीही केलीय ही चूक. प्रत्येक जण एकदा करतो, मी दोनदा केली… अगं ऐक. लूप फिरवून, एकाच सूचनेत ओळीने सगळी बटणं बनवलीस ना?… हं. आणि प्रत्येक बटणाला म्हणालीस, 'वाक्य' म्हण. आता वर्गातला फळा डोळ्यांसमोर आण. तू प्रत्येक मुलाला सांगितलंस, तुला विचारलं की फळ्यावर असेल ते वाच. मग फळा पुसलास, दुसरं लिहिलंस. पुन्हा पुसलास. शेवटी फळ्यावर उरलं काय?… बरोब्बर. नंतर कुठल्याही मुलाला उठवलंस तरी तो तेच वाचणार ना! मुलांची काय चूक?

मग काय करायचं? प्रत्येकाच्या हातात त्याची चिठ्ठी द्यायची. लॅम्डाच्या पुढे, कोलनच्या आधी, लिही… वाक्य, बरोबरचं चिन्ह, वाक्य… हो, दोनदा तेच. वेडेपणा वाटतो, पण लिही… लिहिलंस?… नाही, कोलनच्या आधी… आधी म्हणजे डावीकडे गं! डावा हात कुठला, तेही सांगू का?

शेजारच्या टेबलावर खिडक्यांतल्या चुका शोधून काढणारा परीक्षक बसत असे. तो कान इकडेच लावून होता. 'कोलनच्या आधी' ऐकल्यावर त्याने आपण होऊन मान डोलावली. आत्याने त्याच्याकडे डोळे वटारले, तशी त्याने मान खाली घातली.

आता चालव… दाब 'पाणी'… ऐकलं मी! 'पाणी द्या.' वा!… अगं, पण हा बाईचा आवाज आहे!… दुसरा नाहीच? म्हणजे बाबा आता बाईच्या आवाजात पाणी मागणार? चाळीस वर्षं ज्यांच्या आवाजाला ड्रायव्हर घाबरले त्यांनी?… बरं बरं, असू दे. एकेक दाबत जा. मी ऐकते… 'दुखतंय.' हं… 'पंखा कमी करा.' हं… 'माझा चष्मा कुठे आहे?' डोक्यावर असणार, नेहमीचं आहे… 'यात मीठ नाही.' हे वहिनीने ऐकलंय का?… नको सांगूस… 'दार लावा'… 'पुरे, आता गप्प बसा.' हॅं हॅं! हे त्यांनीच खुणेने सांगितलं ना? सातवं. सगळ्यांत आधी झिजणार ते बटण… हं… हं… दहा… अकरा. झालं?

बारा म्हणाली होतीस मघाशी… हो, म्हणालीस. 'बारा वाक्यांची यादी' म्हणालीस. बारावं कुठाय?… दिसत नाहीये?… अगं, मग मघाशी सगळी बटणं कोणतं वाक्य बोलत होती? शेवटचं. म्हणजे बारावंच. म्हणजे ते आहे, फक्त दिसत नाहीये. मोज बरं, रांगा किती?… चार. एका रांगेत तीन. मग शेवटच्या जागी काय आहे?… 'बंद करा'?… टिकली! ते तू हाताने बसवलंस? लूपच्या बाहेर?… कधी?… अकरा वाक्यं होती तेव्हा. एक जागा रिकामी होती म्हणून. आणि बारावं नंतर आलं… आलं आणि लूपने त्याला त्याच चौकोनात बसवलं. एका खुर्चीवर दोघं! आणि 'बंद करा' लूपच्या नंतर बसतं, म्हणून ते त्याच्या मांडीवर. म्हणजे बाबांनी बारावं म्हणून दाबलं असतं, तर खिडकीच मिटली असती. तिसरी संधी संपली, डबडं कपाटात!… हो ना. बरं झालं मोजलं ते.

बारावं कधी आलं पण?… काल रात्री. त्यांनी सांगितलं?… लिहून? पाटीवर?… कागदावर. स्वतः मागून घेतला कागद?

दोन महिन्यांत त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. वहिनी रोज फोनवर हेच सांगायची आणि आत्या रोज 'बघू, होईल' म्हणायची.

मग आज दुपारी सगळ्यांसमोर तेच पुन्हा पुन्हा वाजलं?… पाणी मागितलं तरी तेच, पंखा मागितला तरी तेच… आणि ते उठून गेले. रागावले?… लाजले? बाबा? काहीतरीच काय!… कान लाल झाले होते? खरंच?… असं काय लिहिलंय गं त्यात?… शपथ घातलीय? 'आत्याला सांगायचं नाही'? मलाच का?… बरं बाई, नको सांगू. आधी 'बंद करा' तिथून हलव. खाली पाचवी रांग… शून्यापासून मोजतात, म्हणजे चार लिही… आता?… दिसलं बारावं?… दाब, मला ऐकू दे… का नाही?… त्यांनीच दाबायचं. हं. अगदी त्यांची नात शोभतेस.

किती वाजता येतील फिरून?… पाच. मग झालं की तुझं काम. ठेवू?… मी?… बघू गं. रविवारी… मागच्या रविवारी साहेबांचं काम निघालं… त्याच्या मागच्या रविवारी… टिकली, मोजत बसू नकोस. वाक्यं मोजायला सांगितली होती, रविवार नाही.

दीड तासाचा रस्ता होता. हे तिलाही माहीत होतं आणि टिकलीलाही.

काय बोलू मी तिथे येऊन?… नाही, खरंच विचारतेय. हॉस्पिटलात गेले होते ना मी. त्यांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं, ओठ हलले. माझंच नाव घेत होते, कळलं मला. आवाजच नाही गं… मी औषध आणते म्हणून बाहेर पडले, ती थेट बसमध्येच बसले. औषध कसलं आणि काय… हो. कुणालाच नाही सांगितलं. वहिनीला वाटतं मी कामात असते… त्यांचा रोज संध्याकाळी फोन यायचा मला. बरोबर सहाला. लग्न झालं तेव्हापासून. हॅलो नाही, कशी आहेस नाही, एकदम ते घोषणेचं… ते जाऊ दे. आता सहा वाजले की मी उठून पाणी भरायला जाते. फोनकडे बघायला नको… नाही रडत. घसा बसलाय… अगं, तू कशाला रडतेस, वेडाबाई? डोळे पूस, कीबोर्डवर पाणी सांडेल.

परीक्षकाने घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेचार होऊन गेले होते. आत्याने फोनवर हात ठेवला, "साहेबांना सांग, आलेच," म्हणाली आणि हात काढला.

हं, बोल… काय? कोण आलं?… आत्ताच? पाच कुठे वाजलेत?… बूट काढतायत? बरं, मग दाखव त्यांना. मी ठेवते… नको, मला नको थांबवू… अगं नको ना, स्पीकरवर कशाला? टिकली! मी ठेवते म्हटलं ना… टिकली?

ती फोन ठेवू शकली असती. अंगठा लाल खुणेवर होता. पण पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग कुणीतरी नाकाने मोठा श्वास सोडला. चष्मा लावताना बाबा असाच श्वास सोडत. तिचा अंगठा तिथेच राहिला.

…

काय?

…परत. परत दाबा एकदा, बाबा. नीट ऐकू नाही आलं… आलं ऐकू. तरी दाबा.

'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. भिंगरीची गाडी किती वाजता लागणार?'

ती ते वाक्य स्वतःशीच पुटपुटली. भिंगरी म्हणजे तीच. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून. रोज सहा वाजता बाबा फोनवर हेच विचारायचे आणि ती येवो न येवो, काहीतरी वेळ सांगायची. यंत्रातली बाई ते अगदी सपाट आवाजात म्हणाली होती. कुठे थांबायचं, कुठला शब्द ओढायचा, तिला काही ठाऊक नव्हतं. आत्याला मात्र सगळं जागच्या जागी ऐकू आलं.

सव्वासहा… बाबा, सव्वासहाला लागेल. आज. हो, आजच. आत्ता निघते… बाबा, मी त्या दिवशी अशी निघून आले ना, ते मला करायला नको होतं. मला बघवेना हो. मला वाटलं, तुम्ही काही बोलणार नाही आणि मग मी काय बोलणार, आणि मग एकेक रविवार असाच गेला, आणि वहिनीला मी खोटंच सांगत राहिले, आणि तुम्ही तिथे एकटे बसून… मला माफ करा, मी खरंच…

काय?… हे कोण बोललं?… टिकली, हे कुठलं बटण लागलं?… सातवं?… चुकून लागलं असेल गं, बोट घसरलं असेल… चुकून नाही?… परत दाबलं! ऐकलं मी. 'पुरे, आता गप्प बसा'… हसतायत? खरंच हसतायत? खांदे हलतायत?… टिकली, 'बंद करा'ला हातही लावू देऊ नकोस त्यांना!

बसते, बाबा. बसते गप्प. ठेवते आता, नाहीतर सव्वासहा चुकेल.