शिवगंगाचे कान

— डाव्या चाकाचंच बेअरिंग हाय, साहेब. उजव्याला हात लावायची गरज न्हाई. जरा तोंड इकडं करून बोला, वाऱ्यानं समजंना झालंय. हाव — सोलापूरपासनं गुनगुन, अन् गाडी उजवीकडं वळवली की वाढती. मग उजवीकडं वळताना भार कुनावर येतो? डाव्यावर. आता जॅकवर घेतलंय, वरखाली धरून हलवा — लागली न्हवं खुटखुट? ह्ये असंच दामटलं असतं तर नांदेडच्या अलीकडंच चाक जाम, अन् बाईसाहेब, लेकरं उन्हात. रस्त्यानं प्यायला पानी बी कुनी देनार न्हाई ह्या दुष्काळी साली.

मघाशी चक्कर मारली तवा मागं बसली ती? माझी मंडळी, शिवगंगा. तिला हौस हाय गाडीत बसायची. आत चहा टाकतीया. ह्ये बघा, निघालं बेअरिंग — रोलर कसे निळे पडल्यात तापून, ग्रीस जळून गेलंय. भाईरची कडी बी बदलतो, जुन्या कडीत नवं बेअरिंग बसवलं की महिन्याभरात परत बोंब. औशात लई जन तसंच करत्यात, मी न्हाई करत. म्हनून तर उद्या मला बोलावलंय — लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेरीच्या जीपा आल्या, त्यांचं काम कुना एकाला द्यायचंय. जीपमधी बसवनार, फिरवनार, अन् इचारनार, कुठलं चाक बोलतंय सांग. औंदा ट्रॅक्टर न्हाई, मळनीयंत्र न्हाई, पीकच न्हाई तर कोन येनार माझ्याकडं? ह्ये काम गेलं तर फळ्या लावून बसायचं.

काय म्हनला? परत म्हना. तसं न्हाई, ह्या बाजूनं… आता तुमच्यापाशी काय लपवायचं, तुमी वाटचे मानूस. मला ऐकू येत न्हाई. वीस साल हातोडा अन् डिझेल इंजन, खाल्ले कान. खेळ आलेलं बेअरिंग हाताला सापडतं, पर नुसती गुनगुन लागलेलं कानालाच कळतं. त्ये कान शिवगंगाचे. ती मागं बसती, माझ्या खांद्यावर बोट ठिवती — एकदा म्हंजी डावं, दोनदा म्हंजी उजवं. चार साल झाले, कुनाला खबर न्हाई. माहेरी बी धाडली न्हाई म्या तिला चार सालात. सनाला न्हाई, भावाच्या लग्नाला न्हाई. ‘ह्ये काम होऊ दे, मग जा.’ ती हाव म्हनती. काम काय संपतं व्हय?

नट असा आवळायचा, चाक फिरवत फिरवत, मग थोडा ढिला सोडायचा — लई आवळलं की बेअरिंग जळतं. आता पिन. झालं.

नांदेडलाच जानार ना तुमी? तिथनं मुदखेड किती, सात कोस. मुदखेडला तिचा बाप हाय, शिवमूर्तीअप्पा. ही तार घ्या. काल दुपारी आली. हाव, कालच. ‘वडील अत्यवस्थ, शिवगंगास ताबडतोब धाडा.’ तिला वाचता येत न्हाई. म्या म्हनलं, सामानाची चिठ्ठी हाय. उद्याचा एक दिस निघू दे, मग सांगू — असं म्हनलं मनाशी. रातभर ती शेजारी निजली होती, साहेब, अन् तार माझ्या खिशात. लई वंगाळ मानूस हाय मी. असं बघू नका, मला ठावं हाय.

मजुरी नको. तिला न्या. बाईसाहेबांजवळ बसवा, जागा हुईल. चाकाचं भ्या धरू नका, गुनगुन आली तर तीच सांगंल. उद्याचं? उद्या मी जातच न्हाई. कुठलं चाक बोलतंय ह्ये मला कोन सांगनार?

आली बघा चहा घेऊन. तार तिच्या हाती देऊ नका — तुमीच वाचा, मोठ्यानं. मी इथं उभा ऱ्हातो… वाचलं? सगळं? काल आली ह्ये बी सांगितलं?

बसवा तिला गाडीत. दार लावा. काय म्हनतीया ती माझ्याकडं बघून — न्हाई, सांगू नका साहेब. निघा तुमी.