बुड जुनं, पोट नवं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या व्यापारी मंडळाचे प्रमुख माननीय शाओ गुओलियांगसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या निए शुहुआबाई, आणि तिखट शेवयांच्या वासाने कासावीस झालेल्या बंधुभगिनींनो,

मी वान पेइशान. फुटकी भांडी सांधतो. भांड्यांवर जगणाऱ्या आपल्या चिंगदेचेनच्या या परीक्षण केंद्रात बाई जुनी भांडी पारखत, त्यांच्या शेजारच्या खोलीत माझी हयात गेली. बाईंविषयी गोड बोला, असं मला बजावलं आहे. बोलतो.

भांडं हाती आलं की बाई ते उलटं करत आणि तळावरची सम्राटाच्या नावाची अक्षरं अंगठ्याने झाकत. नाव सगळ्यांत शेवटी वाचायचं. का? नाव काय, कुणीही लिहितो. आपल्या पूर्वजांनी तर आदरापोटी मागच्या राजाचं नाव लिहिलं आहे, त्यांना मी बोल लावत नाही. बाई आधी बुडाची कडा चाचपत. वापराने आलेली झीज वेडीवाकडी असते, कानशीने आणलेली सरळ एका दिशेने जाते. भाचीच्या लग्नात यजमानांनी मिंग काळातली, शेकडो वर्षांची म्हणून मिरवलेली बशी त्यांनी वरचा मासा सावरत खालून पाहिली होती. म्हणाल्या, "मासा ताजा आहे, बशी त्याहून ताजी."

हसलात, बरं वाटलं. आता गेल्या वसंतातली गोष्ट. ती वगळा, असंही सांगितलं होतं. पण ती वगळली तर या निरोपाला कारणच उरत नाही.

एक वाडगा परीक्षणाला आला. तळाला तीनशे वर्षांपूर्वीच्या युंगचेंग सम्राटाचं नाव, निळी सहा अक्षरं. वाडगा आपलाच होता, शाओसाहेब. बाईंनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "शाओभाऊ, बुड जुनं आहे, पोट नवं वाटतं. दिव्याखाली बघते आणि तसं लिहून देते." मी दारातच उभा होतो.

भांडं हातातून हातात द्यायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. एकाने टेबलावर ठेवायचं, हात काढायचा, मगच दुसऱ्याने उचलायचं. साहेबांनी मात्र वाडगा उचलून बाईंपुढे धरला आणि त्यांचा हात पोचण्याआधी सोडून दिला. वर म्हणाले, "बाईंचे हात थरथरतात हो, वय झालं."

अस्सल वाडगा फोडल्याचा ठपका बाईंवर आला. मी पाहिलं ते सांगितलं, पण शेजाऱ्याची साक्ष म्हणून कुणी धरली नाही. तुकडे बघायलाही कुणाला सवड झाली नाही. भांड्याचं वय ठरवायला बाई आठवडा घेत, बाईंचं वय केंद्राच्या समितीने चहा निवायच्या आत ठरवलं.

साहेब जाताना मला म्हणाले, "वानभाऊ, तो कचरा टाकून द्या." चिंगदेचेनमध्ये! इथे नदीकाठची घरं फुटक्या भांड्यांच्या थरांवर उभी आहेत, इथे तुकडे कोण टाकतं? मी ते गरम पाण्यात घातले. वरून फासलेला रंग सुटला आणि सांधा उघडा पडला. बुड खरोखर जुनं, कुठल्या तरी फुटक्या वाडग्याचं कापून घेतलेलं. पोट नवं, जुनं दिसावं म्हणून तेजाबाने खरवडून उकिरड्यात मुरवलेलं. तो वास दोन दिवस माझ्या बोटांना होता.

पण मला किळस आली ती उकिरड्याची नाही. लबाडी काय, बाजारात रोज बघतो. जिला धक्का मारून घालवली, तिच्याच गळ्यात हार घालायचा आणि वर "थरथरत्या हातांना गावाचा नमस्कार" असं मानपत्रात लिहायचं? मघाशी ते वाचताना ऐकलं आणि मला शिसारी आली.

बुडाचा तो तुकडा मी सोबत आणला आहे. तो साहेबांच्या हातात देणार नाही. हा टेबलावर ठेवला, हा हात काढला. साहेबांनी उचलावा आणि सांधा सभेला दाखवावा.

साहेब खाली बघताहेत. मग बाई, तुम्हीच उचला. हात थरथरतात की नाही, तेही सगळ्यांना दिसेल.

मला बोलायला उभं केलंत, आयोजकांचा आभारी आहे. वडीलधाऱ्यांसमोर जीभ सैल सुटली असेल तर पदरात घ्या. बाई उठल्या आहेत, मी बसतो. तो वरचा दिवा लावा कुणीतरी.