शेजारच्या प्रिन्सेसची पोर

...आणि पेढे वाटले कोणी? लॉरेन्सने! तुम्हाला सांगतो, गाय माझी, गोठा माझा, नऊ महिने पेंड मी घातली, आणि अख्ख्या निर्मळ गावात पेढे लॉरेन्सचे! मी जळत नाही हं... नुसतं सांगतो.

हा लॉरेन्स आमचा शेजारी, मध्ये फक्त केळीची वाडी आणि एक कुंपण. त्याच्याकडे गीर गाय आहे, नाव प्रिन्सेस. कपाळ हे असं पुढे, कान वळलेल्या पानासारखे, आणि चालते तर अशी की रस्ता तिच्याच नावावर आहे! लोक स्कूटर थांबवून फोटो काढतात, आणि मला म्हणतात, ‘काका, तुमची गाय जरा बाजूला घ्या ना, फोटोत येतेय.’ माझी चंपी फोटोत येते म्हणून बाजूला! मी जळलो नाही हं. फक्त त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग गुरांचे डॉक्टर म्हणाले की चांगल्या गायीचं बीज काढून लॅबमध्ये गर्भ तयार करतात, तो चंपीच्या पोटात ठेवू, वासरू अस्सल गीर होईल. आता लॅब म्हटल्यावर मला काय वाटणार? कुठल्या तरी लांबच्या, खानदानी गायीचं असेल! कुठली गाय, हे मी विचारलं का? नाही. वाच्यता झाली आणि लॉरेन्सला कळलं तर? चंपीला कुंपणाकडे पाठ करून बांधत होतो मी!

झाली कालवड. कपाळ पुढे, कान वळलेले, मी नाचायचाच काय तो बाकी होतो... तेवढ्यात लॉरेन्स कुंपणावरून वाकला. ‘अरे काळूराम, ही तर आमच्या प्रिन्सेसची पोर!’ आणि डॉक्टर शांतपणे म्हणतात, ‘हो, बीज तिचंच. तुम्हाला माहीत नव्हतं?’

म्हटलं जाऊ दे, खरवस तरी माझ्या चंपीचा! तर आमची बायको हंसा पहिली वाटी घेऊन निघाली लॉरेन्सकडे. म्हणे, पोरीच्या माहेरी आधी द्यायला नको? माहेर! आणि लॉरेन्सची बायको लुसी तो खाऊन काय म्हणते? ‘छान झालाय हो. आमच्या प्रिन्सेसचा जरा घट्ट होतो.’

आता स्कूटरी माझ्या अंगणात लागतात, आणि लोक मलाच विचारतात, लॉरेन्सची कालवड ती हीच का? चंपीला आहे का त्याचं काही? ती आपली तिला चाटत बसलेली. मी पण जळत नाही हं, जळायला वेळ कुठे आहे... चला, उठतो. लॉरेन्सच्या कालवडीला पाणी पाजायचंय.