न वाजणारं दार

...न्हाई न्हाई, मी जळत न्हाई, तुम्हाला सांगतो! सख्ख्या चुलत भावानं भुताचा पिक्चर काढला, अख्खं गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचून राहिलं, त्यात जळायचं काय? हरीश पुण्याला सिनेमाचं शिकतो, मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. म्हणून तो 'आमचा हरीश' अन् मी 'ते पोरगं'. एवढंच! पण ज्या पहिल्या सीनला बाया पदर तोंडात धरून बसल्या, तो सीन कुणाच्या डोक्यातून निघाला? विचारा ना! कुणी विचारतच न्हाई हो... म्हणून तर मीच सांगून राहिलो.

मला एकच पाहिजे होतं. नाव. पिक्चर संपल्यावर पाट्या येतात ना, त्यात एक ओळ. हार नको, नारळ नको. नाव दिसलं की बापाचं ते "शिक्षण सोडून काय दिवे लावले" कायमचं बंद! हरीश म्हणला, "टाकतो रे सोम्या. शप्पथ."

तर हरीशनं जागा धरली शेतातली हळदीची जुनी खोली. आत जळमटंच जळमटं, भिंतीचे पोपडे, अन् दार असं करकरायचं की कुत्रं आत शिरत नव्हतं. आयता भूतबंगला! त्यानं कागदावर लिहूनच आणलेलं, 'दार करकरतं. बाई दचकते.' सकाळी दहाला कॅमेरा घेऊन गेलो तर... काय पाहावं! खोली पांढरीफटक! जमीन सारवलेली, उंबऱ्यात रांगोळी, वर आंब्याच्या पानांचं तोरण. अन् हरीशचे वडील, आमचे किसनकाका, तेलाची बाटली घेऊन दारात उभे!

"क्यामेरा येणार, चार लोक पाहणार, अन् आपली खोली भिकाऱ्यावानी दिसंल व्हय? काल दिवसभर चुना मारला. दार लई बोंबलत व्हतं, बिजागरीला तेल घातलं. आता आईक." काकानं दार ढकललं. चूं न्हाई की चां न्हाई. हरीशनं हातातला कागद चुरगळला.

काय करावं या म्हाताऱ्यांचं? यांच्याकडं यम आला तरी हे आधी अंगण सारवतील, मग विचारतील, चहा घेता का!

मी जळत न्हाई, पण सांगा, त्या टायमाला पुणं कुठं गेलं होतं? हरीश म्हणे, "शूटिंग कॅन्सल." मी म्हणलं, थांब शहाण्या. करकरणारं दार सगळ्याच पिक्चरमध्ये असतं. ते करकरलं की माणूस सावध होतो. पण दार गुपचूप उघडलं तर? आपल्याला दिसून राहिलं, आतल्या बाईला पत्ताच न्हाई! आता भ्या कुणाला? आपल्याला! तोरण राहू दे, रांगोळी राहू दे. सणावाराचं घर, अन् माणूस एकच. पल्लवीला, म्हणजे भीमसिंगकाकाच्या पोरीला, दाराकडं पाठ करून ताटं मांडायला बसव. आधी दार दाखव, बंद. मग तिचे हात. मग दार... बोटभर उघडं. मग हात, ताट पुसून राहिले, निवांत. मग दार... वीतभर! गाणं न्हाई, ढोल न्हाई, बाहेरची पाखरं तेवढी ओरडू दे. अन् दार पुरतं उघडलं की पाखरंसुद्धा बंद! भूत दाखवायचंच न्हाई!

किसनकाका म्हणे, "भूतच न्हाई? मंग लोक भेतील काहून? शेजारच्या कमलबाईचं पांढरं लुगडं आणतो, मी उभा राहतो!"

दार कोण ओढत होतं? मीच! खोलीमागं, उन्हात, सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरतात तो तंगूस, न दिसणारा बारीक दोरा, दाराला बांधून बोटाला गुंडाळून. चौदा टेक! बोट कापलं. अन् आत पल्लवी म्हणून राहिली, "हरीशदादा, तुमचं डोकं किती भारी चालतं हो!" ...दादा म्हणली, तेवढंच बरं वाटलं.

मग परवा ग्रामपंचायतीच्या हॉलात, खिडक्यांना ताडपत्र्या लावून, भर दुपारी पिक्चर दाखवला. दार बोटभर उघडलं... हॉल गप्प. वीतभर... कुणी खोकेना. पाखरं बंद झाली अन् माझी माय, जी सापाला चपलेनं मारते, ती किंचाळली, "अगं पोरी, मागं बघ, मागं!" दोनशे माणसं एका दाराला भ्याली! माझ्या दाराला! अन् तेवढ्यात काका अंधारात उठून ओरडले, "तेल म्या घातलं व्हतं!" टाळ्या! तेलाला टाळ्या! अमृतराव गुरुजी माझ्याकडं वळून म्हणतात, "बघ सोमेश्वर, शिकलं की असं डोकं चालतं." मी जळत न्हाई... पण सांगा, पेट्रोलपंपावर काडी ओढून वर म्हणता, पेटू नको?

असू दे म्हणलं. पाट्या येऊ दे. पिक्चर संपला, पडदा काळा झाला. हरीशचं नाव आलं. पल्लवीचं आलं. आता माझं! पण आपल्या लोकांना तुम्ही ओळखता. पाट्या म्हणजे यांना पंगत उठल्याचा इशारा. दाराशी चहाची किटली आली अन् उठले ना सगळे, माझा बापसुद्धा, तोंडं किटलीकडं! सगळ्यात पुढं किसनकाका, पांढरा धुवट सदरा, बराबर पडद्याच्या मधोमध. अन् तेव्हाच आलं हो... 'पहिल्या सीनची कल्पना : सोमेश्वर'. अक्षर न् अक्षर स्वच्छ, काकांच्या पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत!

मी ओरडलो, "काका, खाली बसा!"

"बसून बसून कंबर धरली रे," काका म्हणाले, अन् पाटी जाईपर्यंत तिथंच उभं राहून त्यांनी आळस दिला.