शांततेचे गुण

लिहा हो, तुमच्या त्या शहरांच्या स्पर्धेच्या कागदावर बिनधास्त लिहा — शांततेला दहापैकी दहा. त्यात विचारायचं काय? तुम्ही दारात आलात तेव्हा तुमच्या चपलांचा आवाज मला आत शिलाई मशीनपाशी ऐकू आला, म्हणजे बघा. उभ्या नका राहू, बसा. ती कापडं सरकवा बाजूला — पडदे आहेत, गल्लीतल्या सगळ्यांना आता राखाडी पडदे हवेत, दारांना शोभतील असे, मला तेवढंच काम मिळालं. हो, दारं सगळी एकाच रंगाची, पालिकेनेच रंगवून दिली. सुंदर दिसतात? दिसतात की, फोटोत तर फारच. तुम्ही जगातली एवढी मोठमोठी शहरं पाहून आलात, तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच. स्वच्छता? दहा. झाडं? लावलीत, जगतील. फुटपाथ? फुटपाथ तर असा झालाय की माणसाने चालतच राहावं — राहतोच चालत — घर मागे पडलं तरी पायांना कळत नाही.

काही नाही, बोलण्याच्या ओघात आलं. पुढचं विचारा. लवकर मात्र हं, दादा यायचाय गाडी घेऊन — माझा थोरला भाऊ, दुसऱ्या गावी असतो. आत? आत बाबा आहेत, दाढी करतायत. ऐकलंत ना, गुणगुणतायत. खुशीत आहेत आज. नाही, त्यांना नका विचारू काही. त्यांना विचारलंत तर ते तुम्हालाच विचारतील, हे घर कुणाचं म्हणून.

पूर्वी इथे कसं होतं? हा प्रश्न खरंच आहे तुमच्या कागदात, की उगाच विचारताय? बरं, सांगते. पूर्वी कोपऱ्यावर ठोक्या होता. खरं नाव असेल काहीतरी, कुणाला ठाऊक, सगळे ठोक्याच म्हणायचे — पत्रेकाम करायचा, पन्हळी, बादल्या, पेट्या. सकाळी सुरू झाला की दिवे लागेपर्यंत ठाक ठाक. आणि बाबा आमचे पाण्याच्या टाकीवर रात्रपाळीला, म्हणजे दिवसा झोपणार — तुम्हीच सांगा, कसं जमायचं? सगळा जन्म भांडले दोघं. बाबा माडीच्या खिडकीतून मुंडकं काढून ओरडायचे, "अरे ठोक्या, एकदाचं माझ्या डोक्यातच घाल ना तो हातोडा!" आणि तो खालून म्हणायचा, "खाली घेऊन या डोकं, पोचा आलाय तोही काढून देतो!" गल्ली हसायची. मग बाबा निवृत्त झाले, रात्री झोपायला लागले, आणि तरी दुपारी खिडकीतून ओरडायचे — सवयीने. त्याने एखाद्या दिवशी काम बंद ठेवलं तर खाली जाऊन बघून यायचे, मेला की काय म्हणून.

मग बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नावं, मग माझंही नाव. नजरही गेली बरीचशी. पण संध्याकाळी फिरायला जायचे ते जायचेच, एकटे, आणि कुठेही भरकटले तरी परत यायचे. आम्हाला वाटायचं, अजून शाबूत आहे म्हणायचं डोकं. डोकं कसलं शाबूत! ते त्या ठोक्याच्या आवाजावर यायचे हो. कान लावून. आवाज मोठा होत गेला की घर जवळ आलं. आणि आम्हाला हे कळलं कधी? — तो आवाज बंद झाल्यावर.

तुमच्यासाठीच बंद झाला. तुमच्यासाठी म्हणजे, तुम्ही रागावू नका, तुम्ही तर साध्या गुण लिहिणाऱ्या — या सर्वोत्तम शहराच्या स्पर्धेसाठी. पालिकेची माणसं आली, कोपऱ्यावरच्या खांबाला डबी बसवली, आवाज मोजायची. ठोक्याला शहराबाहेर जागा दिली, तिथे म्हणाले हवा तेवढा ठोक. इथे टाळ्या वाजल्या — खोटं नाही सांगत, लोक गॅलऱ्यांत उभे राहून टाळ्या वाजवत होते, लहान मुलं दुपारची झोपतील, विद्यार्थी अभ्यास करतील. बाबांनी नाही वाजवल्या. बाबा खिडकीत उभे होते. मला म्हणाले, "जेवायला गेला असेल."

त्या संध्याकाळी घरावरून सरळ पुढे निघून गेले. मी मागे धावले म्हणून सापडले. दुसऱ्या दिवशी तेच. बरोबर जायचं म्हटलं तर चिडायचे — "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" दारावरून ओळखावं तर दारं सगळी सारखी, आमचं निळं होतं, नजर अधू असली तरी निळं दिसायचं त्यांना. म्हणून मग मीच — हसाल तुम्ही — मीच एक जुनी पत्र्याची पेटी घेतली, हातोडा घेतला, आणि संध्याकाळी दारात बसून ठोकायला लागले. पन्नाशीला आलेली बाई, दारात बसून पेटी बडवतेय! बाबा आले, समोरच्या फुटपाथवर थांबले, ऐकलं, आणि एका मुलाला म्हणाले, "हा ठोक्या नव्हे, कुणीतरी शिकाऊ आहे," आणि गेले पुढे. मी गेले शहराबाहेर ठोक्याला शोधत. म्हटलं, काय चुकतं माझं? तो म्हणाला, तू तिन्ही घाव पत्र्यावर घालतेस. दोन पत्र्यावर घालायचे, तिसरा ऐरणीवर नुसता टेकवायचा, हाताला विसावा. तो तिसरा ऐकतो तुझा बाप. मी म्हटलं, माझ्याकडे कुठली ऐरण? तर म्हणाला, "चल, मीच येतो."

आला हो. खांद्यावर ऐरण घेऊन आला, बसमध्ये त्याला चढू देईनात, निम्मा रस्ता चालत आला. दारात बसला आणि सुरू केलं. आणि बाबा गल्लीच्या तोंडाशी होते ते सरळ, सरळ चालत आले, काठीसुद्धा न टेकवता, त्याच्या पुढ्यात उभे राहिले आणि अशा अशा शिव्या घातल्या — तुमच्यापुढे नाही सांगता येणार. ठोक्या ठोकतोय आणि रडतोय. मी आत पळाले.

मग? मग काय, डबी आहे ना खांबाला. पहिल्या दिवशी समज दिली. दुसऱ्या दिवशी हातोडा नेला. तिसऱ्या दिवशी तो दुसरा हातोडा घेऊन आला तर त्यालाच चौकीत बसवून ठेवलं अर्धा दिवस, म्हाताऱ्याला. मी गेले, सांगितलं सगळं, तो साहेब चांगला होता, पाणी दिलं मला, म्हणाला, बाई, तुमचं दुःख कळतं, पण एका माणसासाठी शहराचे गुण घालवायचे का? तक्रार कुणी केली म्हणता? गल्लीनेच. ज्यांचे पडदे शिवतेय त्यांनी.

त्यानंतर बाबा एक रात्रभर सापडले नाहीत. सकाळी बसथांब्यावर होते — उभे. तुम्ही पाहिलेत ना नवे बसथांबे, उतरत्या फळीचे, कुणी झोपू नये म्हणून? बसताच येत नाही हो त्यावर, घसरतो माणूस. रात्रभर उभे राहिले. पाय एवढाले सुजलेले. दादा फोनवर म्हणाला, आता पुरे, त्याच्या गावाजवळ अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था आहे, तिथे ठेवू. मी भांडले त्याच्याशी, "तुला काय, तू पाहुण्यासारखा येतोस" — असं बरंच बोलले. पण बाबा घरातही राहीनात. सारखं आपलं, "मला घरी सोडा." अहो बाबा, हे घरच आहे. "हे नव्हे. आमच्या घरी एवढा आवाज असतो की झोप लागत नाही." दिवसरात्र तेच. आणि खरं सांगू तुम्हाला? मीही झोपले नाहीये कित्येक दिवस. परवा दादाने पुन्हा विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही. गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच ना? आणि कसं न्यायचं हेही मीच सुचवलं — त्यांना सांगू की घरी नेतोय. म्हणून ती दाढी. म्हणून ते गुणगुणणं. शहर राहायला चांगलं कशाने होतं म्हणून विचारत हिंडताय ना तुम्ही, मग हेही विचारा एकदा कुणाला तरी — ज्याला स्वतःचं नावही आठवत नाही, तो संध्याकाळी आपल्या दारात पोचतो की नाही? याला किती गुण असतात तुमच्याकडे? नाहीच का हा प्रश्न? नसेल. कोण विचारणार.

आला वाटतं दादा. दार वाजलं गाडीचं. थांबा, बाबा येतायत बाहेर — बाबा, सावकाश, उंबरा आहे. शर्ट किती छान दिसतोय! या कोण? या पाहुण्या आहेत. हो, निघायचंच आहे, गाडी आली. काय? काय म्हणालात बाबा? —

— ऐकलंत ना तुम्ही? आभार मानतायत माझे. परक्या माणसाला इतके दिवस घरात ठेवून घेतलंत म्हणून. घरी मुलगी वाट बघत असेल म्हणतायत.

अहो, त्यात काय एवढं, आजोबा. माणसाने माणसाला ठेवायचं नाही तर कुणी? नीट जा. मुलीला — मुलीला माझा नमस्कार सांगा. हो. येईन की, येईन एकदा तिला भेटायला. दादा, हात धर त्यांचा, तिकडून, डाव्या हातात काठी असते. जा. मी नाही येत गाडीपर्यंत. जा म्हटलं ना.

तुम्हीही उठा आता. नाही, काही नकोय मला, पाणी नको, काही नको. ते दार ओढून घ्या जाताना.