वीस फूट दोरी

आमिषाच्या दुकानातल्या रांगेत माझ्या मागे म्हातारा आर्ने आणि त्याचा समुद्रापासून लांबच्या नेब्रास्काहून आलेला नवा जावई डेझमंड उभे होते. आर्ने उन्हाळ्यात धक्क्यावर नवशिक्यांना खेकडे धरायला शिकवतो.

“बाबा, सकाळी टाकलेला खेकड्यांचा पिंजरा सापडतच नाहीये. दोरीच्या टोकाचा तरंगता बोयासुद्धा दिसत नाही.”

“आमिष काय घातलंस?”

“कोंबडीच्या तंगड्या.”

“शाब्बास. आणि दोरी किती सोडलीस?”

“आधी पाणी मोजलं. वीस फूट होतं, म्हणून बरोब्बर वीस फूट सोडली.”

“कधी मोजलंस?”

“सहाला. ओहोटी होती.”

“आणि भरती आली की पाणी चढतं, त्याचं काय? तुमच्या नेब्रास्कातला मका नव्हे हा, जावईबापू, समुद्र आहे! बोया गेला की पाण्याखाली. ऐकलंत का मंडळी? वीस फूट म्हणे!”

“हळू बोला ना, बाबा.”

“हळू कशाला? ओहोटीला बोया वर आला की अख्खं गाव बघेल. मालकाचं नाव लिहिलंय ना त्याच्यावर? कायदाच आहे तसा.”

“लिहिलंय.”

“मग झालं तर!”

“तुमचं नाव आहे. पिंजरा मी तुमच्याच शेडमधून नेला होता.”

रांग दोन पावलं पुढे सरकली. आर्ने सरकला नाही.

“ओहोटी पुन्हा कधी, बाबा?”

“संध्याकाळी साडेसहाला.”

“तेव्हा तर धक्क्यावर तुमची शिकवणी असते ना?”

“असते.”

“आज काय शिकवणार आहात?”

“दोरी किती सोडायची.”